मुर्सियाचा कॅसिनो

१. इथे 'कॅसिनो' म्हणजे जुगारखाना नव्हे, तर शहरातल्या प्रतिष्ठितांचा क्लब. आग्नेय स्पेनमधल्या मुर्सियातला हा क्लब १८४७ साली निघाला. इमारत मात्र पुढची पन्नासेक वर्षे वाढतच राहिली. त्रापेरिया रस्त्यावरचा दर्शनी भाग पेद्रो सेर्दान या वास्तुकाराचा, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. दारातून आत पाऊल टाकताच अरबी चौक लागतो. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रावरून स्फुरलेला हा चौक सोन्याच्या वीस हजारांहून अधिक वर्खांनी मढवलेला आहे. नृत्यदालनात झुंबरे आहेत, पण आमच्या मते वास्तूचा प्राण स्त्रियांच्या प्रसाधनकक्षाच्या छतात आहे. होसे मारीन-बाल्दो यांनी तिथे आकाशातल्या देवता रंगवल्या आहेत. त्यांतल्या एकीचे पंख पेटले आहेत, ती खाली कोसळते आहे आणि खोलीत कुठेही उभे राहिले तरी तिची नजर आपल्यावरच खिळलेली वाटते. वाचकाने तिथे मान वर करून निवांत उभे राहावे. १९८३पासून ही वास्तू राष्ट्रीय स्मारक आहे. तिकीट काढून कोणालाही आत जाता येते. काही दालने अजून सभासदांसाठीच राखीव आहेत.

— संपादक