डोक्यावर ओझे नसलेला प्रवास

रत्नागिरीची सांस्कृतिक थोरवी सांगताना १८२८ चे नगर वाचनालय येते, टिळकांचे जन्मस्थान येते, १९३१ चे पतितपावन मंदिर येते. लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी आमची बाई मात्र येत नाही. वास्तविक या शहराच्या कितीतरी चुली तिच्या जिवावर पेटत होत्या. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ची (२००३) सुरुवातच रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या या बायांनी होते.

पण इतिहासाच्या दृष्टीने मला त्यांचे आधीचे काम अधिक मोलाचे वाटते. मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी चळवळीतल्या वयस्क स्त्रियांना गाठून बोलते केले आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध झाले. डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांचे ऐकून बायांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी मागितली गेली. हिंदू कोड बिलावरचा वाद पेटण्याआधीची ही गोष्ट! आपल्या व्याख्यानांत मात्र या बाया अजूनही ‘प्रचंड संख्येने उपस्थित’ एवढ्याच असतात.

हे पुस्तक वाचून मी माझ्या आजीकडे गेले. घरात पदवी घेणारी मी पहिली. आजीला सही तेवढी येते. चळवळीत तू काय केलेस, विचारले. काकाच मध्ये बोलले, “ती काय सांगणार?” आजीही म्हणाली, “मी काय केलंय गो? नुसती चाललेय.”

मग कुठे कुठे चाललीस, असे विचारले तेव्हा ती खुलली. १९६० च्या सुमारास ६ डिसेंबरसाठी वाडीतल्या सात बाया बोटीने मुंबईला गेल्या होत्या. फडक्यात भाकऱ्या, रात्रभर डेकवर गाणी, पहाटे भाऊचा धक्का. त्यात काय विशेष होते, म्हटले, तर म्हणाली, “डोक्यावर काय नव्हतं.” त्याआधी ती जिथे गेली तिथे भारा, हंडा नाहीतर टोपली घेऊनच गेली होती. परतल्यावर याच सातजणी वाडीच्या विहिरीसाठी पंचायतीत जाऊन बसल्या. काकांनाही हे ठाऊक नव्हते.

यंदा वर्गातल्या मुलींना मी घरच्या म्हाताऱ्यांना विचारायला तीन प्रश्न दिले आहेत: कुठे गेलात, कशाने गेलात, सोबत कोण होते. ‘काय केलेत’ हा प्रश्न मुद्दाम गाळला आहे.