नर्सताई वाडीपर्यंत कशा पोहोचल्या?

कर्जत-खालापूरच्या वाडीत बाळाला लस द्यायची झाली, की तुम्ही कोणाला गाठता? उपकेंद्रातल्या नर्सताईंना. आम्ही डॉक्टर नंतर.

हे काम बायकांनी करावे हेच एकेकाळी लोकांना पटत नव्हते. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे तिथल्या स्त्रियांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवले. घरंदाज विधवेने परपुरुषाची शुश्रूषा करायची? केवढी ओरड झाली! रमाबाई नुसते समजावत बसल्या नाहीत, शिकणाऱ्यांच्या राहण्याची सोयही त्यांनी पाहिली. माझ्या मते खरे नेतृत्व ते.

तरीही 1946 च्या भोर समितीच्या अहवालात देशाचा हिशेब असा होता: साधारण 6,300 लोकांमागे एक डॉक्टर आणि 43,000 लोकांमागे एक नर्स. म्हणजे डॉक्टरपेक्षा नर्सच दुर्मीळ!

आज सपाटीवर 5,000 आणि डोंगराळ, आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांना तो फार मोलाचा. पण पद मंजूर झाले म्हणून बाई तिथे राहू शकतेच असे नाही. त्यासाठी धड खोली, पाणी, दिवा आणि रात्री सोबत लागते. तुमच्या उपकेंद्राचे क्वार्टर राहण्याजोगे आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत जरूर विचारा.