सातारच्या वकिलाचें लंडन

सातारा-सांगलीकडून विलायतेस निघालेला प्रवासी आज विमानानें दुसऱ्या दिवशीं लंडनांत उतरतो. उतरावें कोठें, भाडें किती, थंडीस वस्त्र कोणतें, शाकाहारी भोजन कोठें मिळेल, ही सर्व माहिती घर सोडण्यापूर्वींच त्याच्या हातीं असते. ज्यांना यांतलें कांहींएक ठाऊक नसतां त्या शहरांत एका राज्याचा खटला घेऊन जावें लागलें, ते सातारचे वकील रंगो बापूजी गुप्ते होत.

त्यांच्या आधीं मराठी माणूस लंडनांत गेलाच नव्हता असें नाहीं. १७८१ सालीं राघोबादादांचे वकील हणमंतराव तेथें गेले होते. ब्राह्मणाचा स्वयंपाक परक्याच्या घरीं कसा व्हावा, ही त्यांची पहिली अडचण. एडमंड बर्क या थोर वक्त्यानें त्यांस आपल्या बीकन्सफील्ड येथील घरीं नेलें, व झाडांसाठीं बांधलेलें कांचेचें घर त्यांच्या सोंवळ्यासाठीं मोकळें करून दिलें. परत आल्यावर हणमंतरावांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें, तें वेगळेंच.

रंगो बापूजींच्या काळीं मार्ग दोन होते. आफ्रिकेस वळसा घालून शिडाच्या जहाजानें गेल्यास चार महिने किंवा त्याहून अधिक लागत. दुसरा मार्ग सुएझचा. १८३० सालीं ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला पोंचली, तेव्हांपासून तो खुला झाला. पण कालवा नव्हता. तो १८६९ सालचा. सुएझपासून कैरोपर्यंत सुमारें ऐंशी मैलांचें वाळवंट उंटावर किंवा गाडींत ओलांडावें, नाईल नदींतून व कालव्यांतून अलेक्झांड्रिया गांठावें, आणि पुन्हां जहाजावर चढावें.

५ सप्टेंबर १८३९ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांच्या हुकमानें प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. त्यांची रवानगी काशीस झाली व बंधु शहाजी यांस गादीवर बसविण्यांत आलें. विलायतेंतील सभ्य गृहस्थ मुंबईकरांचा अन्याय दूर करतील, अशी महाराजांची दृढ समजूत होती. १८४० सालीं रंगो बापूजी लंडनांत आले. त्याच वर्षीं अर्ध्या औंसाचें पत्र एका पेनींत इंग्लंडभर धाडण्याची सोय सुरू झाली. ज्याला सभासदांचीं मनें वळवायचीं आहेत, त्याला ही सोय लहान नव्हती.

मात्र कोणतें दार ठोठवावें, हें कळणें टपालाइतकें सोपें नव्हतें. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीचें घर होतें. तेथें चोवीस डायरेक्टर बसत. त्याच घरांत भागीदारांची सभा भरे. हजार पौंडांच्या भागीदारास एक मत, दहा हजारांच्या मालकास चार. तेथून दूर, वेस्टमिन्स्टरच्या कॅनन रोमध्यें, बोर्ड ऑफ कंट्रोलची कचेरी. जवळच पार्लमेंट, १८३४ च्या आगींत जळालेली त्याची इमारत रंगो बापूजींच्या डोळ्यांदेखत पुन्हां उठत होती.

भागीदारांच्या सभेंत जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांसारखे लोक सातारच्या बाजूनें तासच्या तास बोलले. परंतु १७८४ च्या पिटच्या कायद्यानें या सभेचे दांत आधींच काढले होते. डायरेक्टरांनीं केलेला व बोर्डानें मान्य केलेला ठराव भागीदारांस फिरवितां येत नव्हता. ज्या दिवाणखान्यांत सर्वांत जास्त सहानुभूति, तेथेंच अधिकार सर्वांत कमी. आणि कॅनन रोमध्यें अधिकार होता, पण तेथील हॉबहाऊस साहेबांचें मन वळलें नाहीं. लंडनची ही माहिती कोणत्याही प्रवाशाला पहिल्या दिवशीं द्यायला हवी होती. रंगो बापूजींना ती मिळण्यास किती वर्षें लागलीं असतील, याचा विचार मनाला चटका लावून जातो.

बरोबरचे लोक परतले, ते राहिले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं महाराज काशीस वारले. पुढच्या एप्रिलांत शहाजी गेले, व डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलें. तरीही वकिलानें दत्तक पुत्राच्या व राण्यांच्या वतीनें अर्ज चालूच ठेवले. या चिकाटीस हट्ट म्हणणारेही आहेत; पण धनी गेल्यावर वकीलपत्र टाकून देणारा वकील सातारला अधिक शोभला असता काय? अखेर १८५३ सालीं कर्जांत बुडालेल्या या माणसाचें कर्ज व परतीचें भाडें कंपनीनेंच भरलें. ज्याच्याशीं भांडावें त्याच्याच पैशानें घरीं यावें, ही नामुष्की त्यांस सोसावी लागली.

लेडनहॉल स्ट्रीटवरील तें घर १८६१ सालीं पाडलें गेलें. आज तेथें लॉइड्सची पोलादी इमारत आहे. लंडनला जाणाऱ्या सातारकरानें ती जागा अवश्य पाहावी.

सातारला परतल्यावर रंगो बापूजींनीं अर्ज लिहिले नाहीत. त्यांनीं माणसें जमविलीं. १८५७ चा बेत फुटला. ८ सप्टेंबर रोजीं गेंडामाळावर सतरा जणांस देहदंड झाला. फांशीं गेलेल्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी मात्र निसटले, आणि त्यांचा ठावठिकाणा सरकारास कधींच लागला नाहीं.