पंचनाम्यातली साथ

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे साथीचा खरा पसारा कळला तो मृत्यूच्या नोंदींवरून. विलगीकरणाच्या धास्तीने लोक आजारी माणूस लपवत. प्रेत लपवणे त्याहून अवघड. नोंदीत 'प्लेग'ऐवजी नुसता 'ताप' लिहिला, तरी वाढलेला आकडा बोलायचाच. १९१८च्या इन्फ्लुएन्झात ६ ऑक्टोबरला या शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

१९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा या इतिहासापासून दूर वाटतो. पण सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या एखाद्या वाडीत घरीच कुणी दगावले, तर आजही पहिली खबर बहुधा पोलीस पाटलाला लागते. मृत्यू संशयास्पद असला की ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' नोंदतात, पंचांसमक्ष प्रेताचा पंचनामा होतो आणि शवविच्छेदनासाठी पत्र जाते. पंचनाम्यात प्रेत कुठे, कसे पडले होते, अंगावर खुणा काय, नातेवाईक काय सांगतात, हे सारे येते. या नोंदींवरून साथ ओळखण्यावरचा आक्षेप रास्त आहे: पंच डॉक्टर नसतात आणि पंचनामा गुन्ह्याच्या शोधासाठी असतो. मात्र साथ ओळखायला प्रत्येक निदान अचूक असावेच लागते असे नाही. एकाच गावात आठवड्यात तापाने तीन जण गेले, एवढे कुणीतरी एकत्र वाचायला हवे. नावे वगळून ही नोंद तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच आठवड्यात पोहोचली पाहिजे.