वार : माता व बालक यांचा संवाद

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे १५९८ साली राजमाता जिजाऊंचा जन्म झाला. त्या काळी बाळंतपण सुइणीच्या हाती असे. बाळामागून पडणारी वार जपून पुरण्याची चाल आपल्या खेड्यांत फार जुनी. मात्र तिचे कार्य कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गर्भ टिकला नाही, तर दोष सुनेच्या माथी येई.

युरोपातही अज्ञान तेवढेच होते. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांनी १५५९ साली वारेला 'प्लासेंटा' हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चपटी पोळी. नाव आकारावरून पडले, कार्यावरून नव्हे! पुढे हॉलंडमधील कॅथोलिक वैद्य रेनिए द ग्राफ यांनी १६७२ साली बीजांडकोशातील पिवळ्या ग्रंथीचे वर्णन केले. ही ग्रंथी गर्भाचा आधार आहे, हे लुडविग फ्रेंकेल यांनी १९०३ साली सशांवरील प्रयोगांतून दाखविले.

१९२७ साली बर्लिनच्या आशहाइम व झोंडेक यांना गर्भवतीच्या मूत्रात एक प्रभावी संप्रेरक आढळले. ते मेंदूलगतच्या ग्रंथीतून येते, असा त्यांचा समज होता. ते वारेतूनच येते, हे जॉर्जियाना सीगर या अमेरिकन विदुषीने १९३८ साली सिद्ध केले.

हे संप्रेरक रक्तावाटे मातेच्या पिवळ्या ग्रंथीकडे जाते. तेथील पेशींवर त्याला ओळखणारे ग्राहक रेणू, म्हणजे रिसेप्टर, असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते त्यांत बसते आणि गर्भधारक संप्रेरकाची निर्मिती चालू राहते. आठ-दहा आठवड्यांनी हे काम वार स्वतः पत्करते. त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल ती मातेच्या रक्तातून घेते. तेही वारेच्या पेशींवरील ग्राहक रेणूंच्याच द्वारे. दुसऱ्या एका संप्रेरकाचा कच्चा माल बाळाच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी पुरवितात. शिवाय वारेचा बराचसा भाग बाळाच्याच पेशींपासून घडतो. मुंबईत परळ येथे १९७० साली स्थापन झालेल्या प्रजननविषयक संशोधन संस्थेमुळे या शास्त्राचे अध्ययन आपल्या राज्यातही रुजले.

या इतिहासातून आम्हाला एक बोध होतो. गर्भ वाढतो तो माता, बालक व वार यांच्या सहकार्याने. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष आढळतो. मग त्या मातेला दूषण देणे हा केवढा अन्याय!

मरियेचे अभिवादन ऐकताच अलीशिबेच्या उदरातील बालकाने उडी मारली, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. त्या भेटीत एक गर्भवती दुसरीच्या मदतीला धावली होती. आपल्या धर्मग्रामांतही, बुलढाण्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या गर्भवतीला विसावा आणि वेळेवर तपासणी मिळावी. आणि जिची कूस रिती झाली, तिच्या दारी आपण दोषारोप नव्हे, तर सांत्वन घेऊन जावे.