इंदूरचे सासर

संस्थानांचे इतिहास वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात वारंवार येते. लढाया, तह, दत्तकविधाने आणि वारसाहक्काचे तंटे यांची नोंद बखरकारांनी व दप्तरदारांनी मोठ्या काटेकोरपणे ठेवली. परंतु त्याच वाड्यांच्या उंबरठ्यावरचे माप ओलांडून ज्या मुली आत आल्या, त्यांनी परका मुलूख आपला कसा केला, याविषयी कागद बहुधा मुका असतो. विवाहाचा दिवस नोंदलेला असतो. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे नोंदलेली नसतात. आणि खरा संसार तर त्या वर्षांतच घडतो. इंदूरच्या होळकर घराण्याच्या संदर्भात हा विचार मनात येण्यास एक विशेष कारण आहे. या घराण्यात चोंडीची मुलगी सून होऊन आली, कागलची आली आणि अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचीही आली. तिन्हींना एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागले : पतीचा प्रांत आपला प्रांत केव्हा होतो?

प्रथम इंदूरविषयी. हे नगर मराठी माणसाला घरच्यासारखे वाटते खरे. परंतु मराठी माणूस तेथे मूळचा नव्हे, आलेला आहे. होळकर हे जेजुरीच्या परिसरातील होळ गावचे. मल्हाररावांनी पेशव्यांच्या चाकरीत तलवार गाजविली आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात माळव्यात पाय रोवले. १७३३ साली त्यांच्या पुत्राशी, खंडेरावांशी, विवाह होऊन चोंडीच्या माणकोजी शिंद्यांची आठ वर्षांची मुलगी या घरात आली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे तिने माळवा सांभाळला. अहिल्याबाईंना आपण पुण्यश्लोक म्हणतो. परंतु त्या प्रथम परमुलखात आलेली सून होत्या हे विसरतो. मल्हाररावांची त्यांना लिहिलेली पत्रे पाहावीत. तोफखान्याची आणि रसदीची कामे सासरा सुनेवर सोपवीत आहे. परक्या प्रांतात माणूस रुजतो तो मानपानाने नव्हे, काम अंगावर पडल्याने रुजतो, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

१८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास स्थिर झाली, आणि देशावरून व कोकणातून कारकून, शास्त्री, वैद्य, शिक्षक यांची कुटुंबे येत राहिली. घरात मराठी आणि बाजारात माळवी, अशी दोन भाषांची सवय त्या घरांना लागली. पुरुषांना कचेरीत आपली माणसे भेटत. बायकांना भाजीवाल्याशी, पाणी भरणाऱ्याशी आणि शेजारणीशी नव्या बोलीत व्यवहार करावा लागे. म्हणून माळवा आधी त्यांच्या जिभेवर बसला असेल, असे अनुमान करावयास हरकत नाही. या नगराचा दुपेडी स्वभाव पुढेही दिसतो. मराठी साहित्य संमेलन इंदुरास १९१७ मध्ये भरले आणि पुन्हा १९३५ मध्ये. हिंदी साहित्य संमेलन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथेच १९१८ मध्ये भरले, आणि पुन्हा तेही १९३५ मध्येच. दोन भाषांना एकाच अंगणात बसविण्याची कला या गावाला अवगत होती. आपल्या मराठी-कोंकणी वाचकांना तिचे मोल सांगावयास नको.

आता विसाव्या शतकाकडे वळू. होळकर हे धनगर. कागलचे घाटगे मराठा. या दोन समाजांत रोटीबेटी व्यवहार व्हावा, ही कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची इच्छा होती, आणि तुकोजीराव तिसरे यांनी त्यास साथ दिली. त्या योजनेतून कागलकर घाटग्यांची कन्या इंदूरच्या युवराजांना, यशवंतरावांना, देण्याचे ठरले. शाहू छत्रपती १९२२ मध्ये निवर्तले; विवाह १९२४ मध्ये झाला. संयोगिताराजे म्हणून ही सून इंदूरच्या इतिहासात ओळखली जाते. भाषा एक, धर्म एक, तरीही जातीची वेस ओलांडावयास एका छत्रपतीचा निश्चय लागला, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे चारच वर्षांनी जे घडले त्याचे वजन कळेल.

१९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. मुमताज ही इंदूर दरबारची नर्तकी त्याच्या आश्रयास होती, आणि आरोपींचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगापुढे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी १९२६ च्या फेब्रुवारीत पुत्रासाठी गादी सोडली. अशा राज्य सोडलेल्या, सदतीस वर्षांच्या, यापूर्वीच दोन विवाह झालेल्या पुरुषाशी नॅन्सी ॲन मिलर या वीस वर्षांच्या अमेरिकन तरुणीने विवाह करण्याचे ठरविले. हा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, याचा निवाडा करावयास आम्ही बसलेलो नाही. तो तिचा होता, आणि तो तिने आयुष्यभर निभावला, एवढे इतिहास सांगतो.

मार्च १९२८ मध्ये नाशिक येथे करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली आणि तिचे नाव शर्मिष्ठा ठेवले. धर्म मिळाला तरी जात उरलीच होती. सनातन्यांनी गहजब केला. धनगर समाजातही दोन मते पडली. अखेर एका धनगर कुटुंबाने तिला कन्या म्हणून दत्तक घेतले, आणि त्याच महिन्यात नर्मदेकाठच्या बडवाह येथे विवाह लागला. विचार करावा : सासरी जाण्यासाठी या मुलीला आधी माहेर निर्माण करावे लागले! आपल्याकडे ज्या मुलीला माहेर नाही ती सासरी पोरकी समजली जाते. त्या धनगर घराने तिला जे दिले ते म्हणूनच केवळ विधीपुरते होते असे आम्हांस वाटत नाही.

तिने मागे काय सोडले तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत १९२२ चा एक कायदा होता. त्याप्रमाणे नागरिकत्वास अपात्र अशा परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व संपुष्टात येई. आणि हिंदी मनुष्य असा अपात्र आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात दिला होता. ते कलम १९३१ मध्ये रद्द झाले. म्हणजे १९२८ च्या कायद्याच्या अक्षराप्रमाणे, ज्या दिवशी ती होळकरांची झाली त्या दिवशी ती अमेरिकेची उरली नाही. आपण पाश्चात्त्य स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या गोष्टी ऐकतो. परंतु पतीबरोबर स्त्रीचे गोत्र बदलते ही समजूत एकट्या मनूची नव्हती, वॉशिंग्टनचीही होती.

अशा विवाहांचे त्या काळातील अनुभव आशादायक नव्हते. कपूरथळ्याच्या महाराजांशी १९०८ मध्ये स्पेनच्या अनिता देलगादो यांचे लग्न झाले. १९२५ मध्ये ते तुटले. पुदुकोट्टईच्या राजांनी १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॉली फिंक यांच्याशी विवाह केला. इंग्रज सरकारने राणी म्हणून तिला मान्यता नाकारली, राजधानीत विरोध झाला, आणि अखेर राजा-राणी दोघांनीही परदेशाचा रस्ता धरला. तेथे पतीला पत्नीच्या मुलखात, किंवा दोघांना तिसऱ्याच मुलखात, जावे लागले. इंदूरचे उदाहरण निराळे ठरले ते दोन कारणांनी. तुकोजीराव गादीवर नव्हते, त्यामुळे वारसाचा प्रश्न नव्हता. आणि या विवाहाला समाजाच्या संमतीची, कितीही कुरकुरत दिलेली असो, पण संमतीची जोड होती.

१९२८ हे साल गोमंतकीय वाचकांच्या स्मरणात दुसऱ्या कारणासाठी असेल. त्याच वर्षी मसूरकर महाराजांनी गोव्यात हजारो गावडे स्त्रीपुरुषांना शुद्धी करून हिंदू धर्मात घेतले. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती व्हावे लागले होते. परत आलेल्यांना लोक ‘नवहिंदू गावडे’ म्हणू लागले. हे ‘नव’ पुढे कित्येक दशके त्यांच्या नावामागे राहिले. नाशिकचा विधी आणि गोव्याचा विधी शास्त्राने एकाच जातीचे; परंतु एका बाजूस राजवाडा होता, दुसऱ्या बाजूस कष्टकऱ्यांची झोपडी. राजघराण्यात ‘नव’ हे विशेषण लवकर पुसले जाते, गरिबाच्या कपाळी ते चिकटून बसते. स्वागताचा मंत्र समाजाला पाठ असतो. स्वागत निभावणे त्याला जड जाते.

होळकरांच्या कुलदैवताची कथाच या बाबतीत बोलकी आहे. जेजुरीचा खंडोबा. त्याची पहिली पत्नी म्हाळसा, आणि दुसरी बाणाई, धनगराची लेक. देवाने तिला प्रेमाने आणली; परंतु लोककथेत सवतींचे भांडण काही मिटत नाही, आणि बाणाईचे देऊळ गडावर म्हाळसेशेजारी नसून चढणीच्या अर्ध्या वाटेवर आहे. लोकमानसाने निवाडा दिला तो असा : नाकारावयाचे नाही, पण अगदी वरही घ्यावयाचे नाही. ज्या समाजाच्या लेकीला पुराणात अर्ध्या वाटेवर थांबावे लागले, त्याच धनगर समाजाकडे १९२८ मध्ये एका परदेशी मुलीला जागा देण्याचा प्रश्न आला. त्याने तिला अर्ध्या वाटेवर ठेवले नाही, हे त्याच्या मनाचे मोठेपण म्हटले पाहिजे.

शर्मिष्ठा हे नावही चिंतनीय आहे. पुराणातील शर्मिष्ठा वृषपर्व्याची कन्या, दानवकुळातली. ययातीच्या नगरीत ती राणी म्हणून नव्हे, देवयानीची दासी म्हणून आली. तथापि तिचा पुत्र पुरू हाच पुढे गादीचा धनी झाला. इंदुरात इतिहासाने तसा शेवट केला नाही. शर्मिष्ठाबाईंना चार कन्या झाल्या आणि गादी यशवंतरावांच्या शाखेत राहिली. तेथेही हाच प्रश्न पुन्हा उभा ठाकला. संयोगिताराजे १९३७ मध्ये अल्पवयात युरोपात वारल्या. यशवंतरावांनी पुढे एकामागून एक दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले. दुसरीपासून १९४४ मध्ये पुत्र झाला, रिचर्ड ऊर्फ शिवाजीराव. परंतु १९६१ मध्ये यशवंतराव निवर्तल्यावर गादीचा मान संयोगिताराजांच्या कन्येकडे, उषाराजे यांच्याकडे गेला. परदेशी मातेचा पुत्र मागे राहिला. एकीकडे हा मुलीच्या हक्काचा विजय, दुसरीकडे परक्या आईच्या रक्तावरचा अविश्वास. एकाच निर्णयात दोन्ही गोष्टी नांदू शकतात, हे इतिहासाचे नेहमीचेच आहे.

आणि तरीही गोष्ट येथे संपत नाही. याच शिवाजीरावांशी विवाह करून सॅली होळकर अमेरिकेतून आल्या. गादी नव्हती, संस्थान नव्हते, १९७१ नंतर तनखाही नव्हता. होते ते महेश्वर, आणि अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढलेली, आता मागे वेळू न उरलेली मागांची कला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या दोघांनी रेहवा संस्था उभारून महेश्वरी लुगड्यांचे विणकाम पुन्हा चालते केले. किल्ल्याच्या भिंतींवरील नक्षी लुगड्याच्या काठांवर उतरली, आणि विणकर स्त्रियांच्या हाती मजुरी आली. रेवा हे नर्मदेचेच नाव. येथे आम्हांस मल्हाररावांच्या पत्रांची आठवण होते. अहिल्याबाईंवर काम सासऱ्याने सोपविले. या सुनेने ते स्वतः शोधले. परंतु दोघींना माळव्याने आपले म्हटले ते कामामुळेच.

मराठी विवाहात वधूचे नवे नाव तबकातील तांदळावर अंगठीने लिहितात. एका हाताच्या हालचालीने ते तांदूळ विसकटतात. नाव टिकावयाचे ते पुढच्या वर्षांत टिकते. आपण नव्या सुनेकडून नाव, आडनाव, गोत्र, पेहराव, चवी आणि बहुधा भाषाही बदलून मागतो, आणि इतके सारे घेऊन वर विचारतो, ‘रुळली का?’ हा प्रश्न चोंडीच्या मुलीला लागू होता तसाच सिअ‍ॅटलच्या मुलीलाही. फरक अंतराचा होता, मागणीचा नव्हता. परदेशी सुनेच्या बाबतीत ही मागणी डोळ्यांना दिसते, म्हणून तिचे वर्तमानपत्रांतून कौतुक किंवा निषेध होतो. आपल्या घरच्या सुनेच्या बाबतीत ती दिसतच नाही. शर्मिष्ठाबाईंच्या चरित्राचा आपल्याला काही उपयोग व्हावयाचा असेल तर तो एवढाच की, त्यांच्याकडे पाहून आपल्या स्वयंपाकघरातही पाहावे. आणि रुळण्याचा भार एकट्या येणाऱ्यावर टाकणाऱ्या घराने आपणही काही बदललो का, हे स्वतःस विचारावे.

तुकोजीराव १९७८ मध्ये पॅरिस येथे वारले. शर्मिष्ठाबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या आणि १९९५ मध्ये निवर्तल्या. अहिल्याबाईंची आठ वर्षे माहेरी गेली, बासष्ट सासरी. शर्मिष्ठाबाईंची वीस वर्षे मिलर या आडनावाने गेली, सदुसष्ट होळकर या आडनावाने. कोण कोठले, याचा हिशेब करावयाचाच असेल तर पंचांगातील विवाहतिथीवरून करू नये, या वर्षांवरून करावा.