बारीक माणसाला शुगर कशी? बसण्याच्या आजाराचा इतिहास

“डॉक्टर, मी तर अंगानं बारीक. मला शुगर कशी झाली?” आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुधा मोंढ्यातले दुकानदार, कचेरीतले कर्मचारी, शिक्षक, आणि हल्ली घरी ट्रॅक्टर आलेले शेतकरीसुद्धा. वजनकाटा ठीक म्हणजे तब्येत ठीक, असा आपला हिशेब. तो कुठे चुकतो हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. आज तीच गोष्ट सांगतो.

सुरुवात आपल्याकडचीच आहे. चरकसंहितेत प्रमेहाची कारणं दिली आहेत. त्यात दही, नवं धान्य, गूळ हे सगळं येतं, पण त्याआधी पहिलं नाव येतं ते सुखानं बसून राहण्याचं. सुश्रुताचा उपाय तर फारच कडक. ज्याच्याकडे पैसा नाही, नातेवाईक नाहीत अशा प्रमेहाच्या रोग्यानं शंभर योजनं पायी चालावं, एका गावात एकच रात्र राहावं, नाहीतर विहीर खणावी. योजनाची मापं वेगवेगळी सांगतात, पण हजारेक किलोमीटर सहज होतात. शेगावहून परभणी-गंगाखेडमार्गे पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या ओळखीची आहे. तिच्याबरोबर जायचं आणि चालतच परत यायचं, असा हा डोस झाला! (सुश्रुत हे अनवाणी करायला सांगतो. ते मात्र ऐकू नका. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते आणि परभणीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे.)

ही निरीक्षणं अचूक होती, पण मोजमाप नव्हतं. ते आलं लंडनच्या बसमधून.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हृदयविकारानं मरणारे पुरुष वाढत चालले होते आणि कारण कळत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं 1949 मध्ये बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर अभ्यासाला घेतले. निवड मोठी हुशारीची होती. दोघं एकाच बसवर, एकाच संस्थेत, साधारण एकाच थरातले. फरक एवढाच, की ड्रायव्हर कामाच्या वेळेतला 90 टक्के वेळ बसलेला, आणि कंडक्टर डबल डेकरच्या जिन्यावर वरखाली. तो दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढायचा. ट्राम आणि ट्रॉलीबसवरचे धरून 35 ते 64 वयाचे सुमारे 31,000 कामगार या पाहणीत होते. 1953 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिरा होत होता, आणि सुरुवातीच्या काळातच दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास होतं. टपाल खात्यातही तेच दिसलं: सायकलवर किंवा पायी पत्रं वाटणारे पोस्टमन बऱ्या स्थितीत, खुर्चीवरचे कारकून वाईट.

लगेच सगळ्यांनी मान्य केलं असं नाही. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? शंका रास्त होती, आणि मॉरिसच्या चमूनं ती स्वतःच तपासली, तीही गणवेशाच्या नोंदींवरून. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर खरंच मोठी निघाली, नोकरीला लागतानाच. मग पुढच्या तपासण्यांत बारीक ड्रायव्हर आणि बारीक कंडक्टर, जाड ड्रायव्हर आणि जाड कंडक्टर अशी तुलना झाली. कंबर कितीही असो, धोका ड्रायव्हरलाच जास्त. म्हणजे जाडी हा एक दोष, बसणं हा दुसरा, वेगळा दोष. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगले.

त्याच सुमारास आपल्या देशातही एक सुंदर अभ्यास झाला, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. कोलकात्याजवळ चेंगाईल इथल्या ताग गिरणीत ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 213 पुरुषांचा आहार, काम आणि वजन नोंदवलं. 1956 मध्ये ते प्रसिद्ध झालं. हलक्यापासून जड कामापर्यंत, काम वाढेल तसं खाणंही वाढत होतं, ते सरळच आहे. पण दिवसभर बैठक मारणारे दुकानदार आणि बैठ्या कामाचे लोक? त्यांची भूक कमी व्हायला हवी होती. झाली नाही. ते जड काम करणाऱ्यांच्या बरोबरीनं खात होते आणि वजनानं सगळ्यांत भारी होते. हालचाल अगदी कमी झाली की भुकेचा काटाच बिघडतो. दुकानात गल्ल्यावर बसून “डॉक्टर, काम नाही तरी भूक लागते” म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता बारीक माणसाकडे येऊ, कारण त्याचं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातलं वजन, अगदी सारखा: 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांनी मात्र स्वतःवर विनोद करत लिहिलं होतं, की सकाळी हॉस्पिटलची लिफ्ट बंद व्हायच्या आत गाठायला धावणं हाच आपला मुख्य व्यायाम. सगळा फरक व्यायामाचाच आहे असं नाही. आपल्याकडची बाळं कमी वजनाची पण तुलनेनं जास्त चरबीची जन्मतात, हेही पुण्याच्याच कामातून पुढे आलं. म्हणूनच बैठेपणा आपल्याला लवकर महागात पडतो. स्नायू कमी, चरबी आत पोटाभोवती, आणि काटा म्हणतो सगळं ठीक.

एके काळी हे झाकून जात होतं, कारण आपल्याकडे न हलता दिवस जातच नव्हता. जनाबाईंच्या गंगाखेडात काय किंवा कुठल्याही खेड्यात काय, पहाटे जातं फिरायचं, मग आडावरून पाणी, मग शेत. गिरणी, नळ, मोटारसायकल आली. ती यायलाच हवी होती; बायांचे ते कष्ट परत यावेत असं मी तरी म्हणणार नाही. पण गेलेल्या हालचालीच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही. महाराष्ट्रासह काही राज्यांत आयसीएमआरनं केलेल्या पाहणीत 54 टक्के प्रौढांची हालचाल अपुरी निघाली. शहरात हे प्रमाण 65 टक्के, आणि खेड्यांतही 50 टक्के.

गेल्या काही वर्षांत प्रश्न आणखी बारीक झाला: सकाळी तासभर फिरलं आणि उरलेला दिवस बसलं तर? ऑस्ट्रेलियात 2012 मध्ये वजन जास्त असलेल्या लोकांना पाच तास बसवून पाहिलं. दर 20 मिनिटांनी फक्त दोन मिनिटं सावकाश चालायला लावलं, तेव्हा सलग बसण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखर सुमारे चौथ्या हिश्शानं कमी वाढली. हलणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून हे घडतं.

आपल्या आजी-आजोबांची शतपावली ती हीच. ती फक्त रात्रीच्या जेवणानंतर नको, दुपारच्याही करा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. दुकानात असाल तर माल काढायला प्रत्येक वेळी पोऱ्याला पाठवू नका. फोन उभ्यानं घ्या. आठवड्याला एकूण 150 मिनिटं तरी भरभर चाला, उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी ठेवा. चालताना छाती भरून आली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि वजन करताना टेपनं कंबरही मोजा: पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी, काटा काहीही सांगो.